टेस्टचा नंबर

तमांदानीच्या आईचा फोन नंबर मला माझ्या बायकोच्या नंबरापेक्षा चांगला पाठ आहे. बायकोचा विचारलात तर मी फोन काढून बघेन. हिचा मात्र झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवेन. शेवटचे चार आकडे चार, सात, शून्य, सहा. सहा वर्षं मी रोज निदान दहा वेळा त्या नंबरावर मेसेज पाठवत आलो, आणि त्यातला एकही तिच्यासाठी नव्हता.

लिंबे शहराच्या मुख्य रस्त्यावर खिळे-पत्र्याचं दुकान आहे, त्याच्या वर आमचं ऑफिस. आम्ही लोकांचे मेसेज पाठवतो. शाळेला पालकांना कळवायचंय की सोमवारी सुट्टी, चर्चला कळवायचंय की बिशप येणार, पाणीवाल्यांना कळवायचंय की नळ तीन दिवस कोरडे. ते यादी आणि मजकूर आमच्याकडे टाकतात आणि आम्ही एका दमात हजार-दोन हजार फोन वाजवतो. त्यासाठी आमच्याकडे म्थेंगा नावाचा प्रोग्रॅम आहे. म्थेंगा म्हणजे निरोप्या. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळा पडदा, आणि त्यावर एक ओळ टाइप करायची. ज्याने तो बनवला तो जोहान्सबर्गला पळाला आणि आता आमचे फोन उचलत नाही, म्हणून म्थेंगाची सगळी उस्तवार माझ्या गळ्यात पडली.

त्या ओळीत कुठला शब्द घालायचा आणि कुठला गाळायचा, एवढंच माझं शिक्षण. 'टू' लिहिलं की पुढे एकच नंबर द्यायचा. 'लिस्ट' लिहिलं की यादीची फाइल. 'ड्राय' लावलं की कुणाला काय जाणार ते म्थेंगा नुसतं दाखवतो, पाठवत काही नाही. 'क्वायट' लावलं की तो तोंड मिटून काम करतो, नाहीतर एकेक नाव आणि नंबर पडद्यावर ओकत बसतो. आणि 'टेस्ट' लावलं की मजकूर यादीला जाण्याआधी आपल्याच एका फोनवर येतो. अक्षरं तुटत नाहीत ना, पाठवणाऱ्याचं नाव नीट उमटतंय ना, एवढं बघून घ्यायचं. आता 'टेस्ट'पुढे दर वेळी नंबर कोण लिहीत बसणार? म्हणून एका फाइलीत कायमचा नंबर भरून ठेवलेला असतो. तुम्ही काही लिहिलं नाहीत की म्थेंगा तो घेतो. त्या जागी तमांदानीच्या आईचा नंबर होता. तो मीच भरला होता.

कारण अगदी साधं होतं. ती ऑफिस झाडते, फरशी पुसते, चहा करते. तिचा बटणांचा फोन दिवसभर खिडकीच्या कट्ट्यावर पडलेला असतो, माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर. माझा स्वतःचा फोन दिवसभर कोकलावा अशी माझी इच्छा नव्हती. बदल्यात महिन्याला तिला थोडं रिचार्ज मारून देतो. तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या फत्सानीने विचारलं होतं, "अमायींना विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात," मी म्हटलं. "त्यांना इंग्रजी कुठे येतंय."

आमच्याकडे बाई झाडूवाली असो नाहीतर मंत्र्याची बायको, तिला अमायी म्हणतात, आई म्हणून हाक मारतात, अहो-जाहो करतात. मूल झालं की तिचं स्वतःचं नावही कुणी घेत नाही, मुलाच्या नावानेच ती ओळखली जाते. तोंडाने आम्ही फार सभ्य माणसं आहोत.

सहा वर्षांत त्या फोनवर काय काय आलं असेल. एकदा एका दवाखान्याचं काम होतं, मजकूर आमच्या चिचेवा भाषेत, म्हणजे तिला वाचता येणारा. 'तुमचा रक्ताचा रिपोर्ट आला आहे, जोडीदाराला घेऊन या.' पोचा बादलीत टाकून ती तशीच चालत दवाखान्यात गेली. नवरा मरून चार वर्षं झालेली. दिवसभर रांगेत उभी राहिली आणि शेवटी खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, तुमचं नावच नाही. दुपारचा चहा मिळाला नाही म्हणून आमचे अब्वाना म्सोसा, म्हणजे आमचे मालक, तिच्यावर डाफरले. आम्हाला हसू आवरेना. त्यानंतर फत्सानीला छंदच लागला. काम नसलं की ती 'टू' लिहायची, चार सात शून्य सहा, आणि मजकूर टाकायची: 'तुमच्या डोक्यावर पाल बसली आहे.' मग आम्ही दोघं पडद्याआडून बघायचो, बाईचा हात डोक्याकडे कसा जातो ते. मीही असले दोन-चार पाठवलेत. मी काही संत नाही.

पण खरी मजा झाली दोन वर्षांपूर्वी. तमांदानी नुकती शाळेची शेवटची परीक्षा पास झाली होती आणि कुठल्यातरी कॉलेजात अर्ज करून बसली होती. आम्ही एका दुसऱ्याच संस्थेचं काम करत होतो आणि टेस्ट गेली: 'अभिनंदन, आपल्याला प्रवेश मिळाला आहे.' बाईने तो मेसेज खाली दुकानातल्या पोऱ्याकडून वाचून घेतला, आणि जिन्यावरूनच तिची लुलुलु अशी किलकारी ऐकू आली. आत येऊन ती नाचली. पदरचे पैसे घालून कागदात बांधलेल्या गरम मांदासी आणल्या आणि सगळ्यांना वाटल्या. अब्वानांनी दोन खाल्ल्या. त्या गोड पिठाच्या गोळ्या संपेपर्यंत मी काही बोललो नाही, कारण खरं सांगायचं तर मला भूक लागली होती. मग हात पुसून मी तिला सांगितलं की हा टेस्टचा होता.

ती एकदम खाली बसली. म्हणाली, "अचिमवेने, मी थ्योलोला माझ्या बहिणीकडे फोन करून सांगून टाकलं हो." अचिमवेने म्हणजे भाऊ. ती मला भाऊच म्हणते.

तेव्हा मी तिला नियम घालून दिला. मला वाटलं, मी तिच्यावर उपकारच करतोय. "हे बघा अमायी, कुठलाही मेसेज आला की आधी मला विचारायचं. मी 'आमचा' म्हटलं की खोडून टाकायचा. गडबड करायची नाही, नाचायचं तर मुळीच नाही." तिने मान डोलावली, आणि तेव्हापासून तो नियम ती पाळत आली. ओले हात कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाला पुसत यायची, फोन पुढे धरायची आणि विचारायची, "तुमचा का?" मी मान वर न करता म्हणायचो, "आमचा." दिवसात दहा वेळा. त्यात बघायचं ते काय.

या वर्षी तमांदानीचा तिसरा अर्ज होता. मिशनचं नर्सिंग कॉलेज. शाळा सुटून तीन वर्षांच्या आतल्या मुलींनाच तिथे घेतात, म्हणजे या वेळी हुकलं की कायमचं हुकलं. पोरगी थ्योलोला मावशीकडे राहून चहाच्या मळ्यात पानं खुडत होती. तिचा फोन मिनिबसमध्ये कुणीतरी मारला होता, म्हणून अर्जावर तिने आईचा नंबर घातला होता. हे सगळं मला माहीत होतं. बाई पाच महिने रोज चहाबरोबर हेच सांगत होती. माझ्या कानावर पडत होतं, पण पंख्याची घरघरही कानावर पडतेच की.

मंगळवारी सकाळी मिशनच्या कॉलेजचं काम आलं. एकशेचाळीस मुलींची यादी, इंग्रजी मजकूर. 'नर्सिंगच्या अभ्यासक्रमासाठी आपली निवड झाली आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत होय असं उत्तर पाठवा. उत्तर न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.' मजकुरात नाव नव्हतं. नाव घातलं की मेसेज लांबतो आणि दोन मेसेजांचं बिल पडतं, म्हणून कॉलेजने नावं नको म्हटलं होतं.

मी टेस्ट मारली. खिडकीवर फोन वाजला. मी उठून बघितलं, अक्षरं ठीक होती. मग 'लिस्ट' लावलं आणि नेहमीसारखं 'क्वायट' लावलं. म्थेंगा तोंड मिटून बसला आणि शेवटी एकच ओळ म्हणाला, एकशेचाळीस गेले. त्याच सुमारास खिडकीवरचा फोन पुन्हा वाजला. ऐकू आला मला. पण मी त्या वेळी नेटवर्कवाल्यांशी फोनवर भांडत होतो.

ती आली. हात पुसले, फोन पुढे धरला.

"अचिमवेने, हा तुमचा का?"

"आमचा."

"दोनदा आलाय."

"दोनदा आमचा."

ती हलली नाही. "यात नर्सिंग लिहिलंय," ती म्हणाली. "एवढा शब्द मला वाचता येतो. तमांदानीने शिकवून ठेवलाय, मेसेज आला की आईला ओळखू यावा म्हणून. हा बघा, हा."

मी फोनवर हात ठेवला आणि तिच्याकडे वळलो. तिच्या हातातल्या फोनकडे नाही, तिच्याकडे. "अमायी, नर्सिंगचं कॉलेज आमचं गिऱ्हाईक आहे. आज नर्सिंगच येणार. उद्या खतवाल्यांचं काम आलं तर खत येईल. मग काय, पोतं डोक्यावर घेऊन घरी जाणार?"

फत्सानी खिदळली. "आणि अमायी, नाचू नका हं, फरशी ओली आहे."

बाईही हसली. ती नेहमी आमच्याबरोबर हसायची, आमच्यापेक्षा जरा उशिरा. "विचारलं ते बरं केलं," ती म्हणाली. "नाहीतर परत मांदासी वाटाव्या लागल्या असत्या." मग तिथेच उभं राहून तिने बटणं दाबली. एक खोडला, दुसरा खोडला. आणि पोचा घेऊन ती जिन्याकडे गेली.

हे मंगळवारी झालं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवस ती माझ्यासमोरून येत-जात होती.

पुढच्या सोमवारी दुपारी कॉलेजची दुसरी यादी आली. उत्तर न पाठवलेल्या अकरा मुली. मजकूर पुन्हा इंग्रजीतच होता, 'मुदतीत उत्तर न आल्याने आपली जागा रद्द झाली आहे.' अब्वाना म्सोसा खोलीतून ओरडले, "उलेमु, या वेळी आधी ड्राय मार. रद्द करायचंय, चुकीच्या माणसाला गेलं तर बोंब होईल."

म्हणून मी 'ड्राय' लावलं आणि 'क्वायट' काढून टाकलं. अकरा ओळी पडद्यावर उतरल्या. सातवी होती तमांदानी चिमोंबो. नाव मी वाचलंच नाही आधी, नंबर वाचला. चार, सात, शून्य, सहा. मला वाटलं, माझ्याच हाताने टेस्टचा नंबर घुसला असणार. मग नाव वाचलं. मी मंगळवारची नोंद उघडली. दहा एकवीसला टेस्ट, पोचली. दहा एकतीसला यादी, ओळ त्र्याऐंशी, पोचली.

आणि तिची आई या क्षणी कुठे असावी? माझ्याच टेबलाखाली, पाय वर घ्या म्हणत होती. मी पाय वर घेतले.

"पांढरे बूट मिळाले हो," ती पुसता पुसता म्हणाली. "बाजारातल्या जुन्याच्या ढिगात. डाव्याची टाच जरा घासलीय, पण चुना लावला की कळत नाही. कॉलेजात पांढरेच लागतात म्हणे. आधी घेऊन ठेवले. मग घाईत महाग मिळतात."

मला भीती वाटली. आणि आता लपवत नाही, ती भीती आधी माझी स्वतःची होती. पोरीचा विचार नंतर आला.

मी जिन्यात जाऊन कॉलेजला फोन लावला. रजिस्ट्रार बाईंचा आवाज थकलेला होता. मी म्हटलं, मेसेज कंपनीतून बोलतोय, एका मुलीचा घोळ झालाय.

"मेसेज पोचला नव्हता का?"

"पोचला होता. पण तिच्या आईला... कुणीतरी सांगितलं की तो खोटा आहे."

"कुणी?"

मी म्हटलं, "आमच्या ऑफिसातल्या कुणीतरी."

त्यांनी नाव विचारलं नाही. मग म्हणाल्या, "हे बघा, प्रतीक्षा यादी चार वाजता प्रिन्सिपलबाईंच्या सहीला जाते. त्याच्या आत मला तुमच्या कंपनीच्या कागदावर पत्र द्या. काय झालं, कुणामुळे झालं, खाली सही. फोटो काढून पाठवलात तरी चालेल. मी स्वतः त्यांच्यापुढे ठेवते. मागे एकदा त्यांनी ऐकलंय. पण पत्राशिवाय मी तोंड उघडणार नाही."

तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी अब्वानांच्या खोलीत गेलो. ते मक्याच्या पिठाची न्सिमा आणि तळलेली मासळी खात होते, बोटं वाटीत बुडवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेसेज पोचला ना?"

"पोचला, अब्वाना."

"दोनदा पोचला. मग आपली चूक काय? उलट दुप्पट सेवा दिली."

"मी त्यांना सांगितलं की आमचा आहे म्हणून."

"तू सांगितलंस. कंपनीने नाही सांगितलं." त्यांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "मला सांग, या महिन्यात कॉलेजशी करार नवा व्हायचाय. मी त्यांना लिहून देऊ की आमच्या ऑफिसात बसलेली माणसं आमच्याच मेसेजला खोटं म्हणतात? आणि सहा वर्षं झाडूवाल्या बाईच्या फोनवर लोकांचे रक्ताचे रिपोर्ट टेस्ट करतात?"

"एका मुलीचा प्रश्न आहे, अब्वाना. हे शेवटचं वर्ष आहे तिचं."

"मग लिही की. कागद त्या कपाटात आहे. तुझ्या नावाने लिही, तुझ्या हाताने लिही, तुझी सही कर. मी अडवत नाही तुला, मी ख्रिस्ती माणूस आहे. फक्त पत्र पाठवलंस की जाताना टेबल रिकामं करून जा." मग हात पुसत ते म्हणाले, "आणि अमायींना आत पाठव, ताट उचलायला."

तिने येऊन ताट उचललं.

मी कागद घेतला. 'मी, उलेमु मातेवेरे, असं लिहून देतो की' एवढं लिहिलं. घड्याळात पावणेतीन झाले होते. चिलोब्वेला माझं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. दोन मुलं शाळेत जातात. म्थेंगा सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि म्थेंगा या एका ऑफिसाबाहेर कुठेही चालत नाही. हे सगळं खरं आहे. पण मी ते त्या वेळी एकेक करून मोजलं, हेही खरं. पोरीच्या बाजूने मी काहीच मोजलं नाही, कारण तिकडे मोजायला गेलो असतो तर सही करावी लागली असती.

फत्सानीने कागदावर नजर टाकली. तिला सगळं कळलं होतं. तिचंही हसू गेलं होतं. "लिहितोयस?" तिने विचारलं.

"बघतोय."

"लिही रे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "माझं नाव नको घालूस त्यात."

साडेतीन झाले. मी कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी. कॉलेजच्या नंबरावरून एकदा फोन आला. मी तो वाजू दिला. पावणेचारला बाईने चहा आणून ठेवला, माझ्या कपात साखर जास्त. मला जास्त लागते हे तिला ठाऊक आहे. चारला पाच कमी असताना मला वाटलं, अजूनही होईल, फोटोच तर काढायचाय. मग चार वाजले आणि मला, लाज वाटते सांगायला, मोकळं वाटलं.

आता अकरा मेसेज पाठवायचे राहिले होते. म्थेंगामध्ये 'स्किप' म्हणून एक शब्द आहे. पुढे नंबर दिला की तेवढा वगळून बाकीच्यांना जातं. मी तो लिहिला आणि पुसला, कारण मग मोजणीत दहा दिसले असते आणि कॉलेजने विचारलं असतं, अकरावा कुठे. मी ओळ तशीच ठेवली आणि एंटर दाबलं.

खिडकीवर फोन वाजला.

ती दाराशी सांडलेला चहा पुसत होती. तिथूनच तिने मान वर केली. या वेळी ती उठूनही आली नाही, रोजचीच गोष्ट होती. फक्त ओरडून विचारलं, "अचिमवेने, तुमचाच ना?"

फत्सानी टेबलाच्या खणात काहीतरी शोधायला लागली.

मंगळवारी मला माहीत नव्हतं. आज सगळं माहीत होतं, आणि शब्द तोच तोंडात तयार होता, सहा वर्षांचा सराव होता.

"आमचाच," मी म्हटलं.

ती आली, हात पुसले, बटण दाबलं, खोडला. "बरेच दिवस लावले या कॉलेजवाल्यांनी," ती म्हणाली. "चांगली कॉलेजं वेळ घेतातच म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी ती फाइल उघडली आणि तिच्या नंबराच्या जागी माझा घातला. तेवढं करून मला बरं वाटलं. आता दिवसभर माझा फोन कोकलतो, खिशात मांडीवर थरथरतो, आणि मी तो सोसतो. तिचा फोन खिडकीच्या कट्ट्यावर मुका पडून राहिला. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला.

शुक्रवारी ती पोचा टेकवून माझ्यासमोर उभी राहिली. फोन दोन्ही हातांत धरलेला.

"अचिमवेने, माझा फोन बिघडलाय."

"काय झालं?"

"तीन दिवसांत एक मेसेज नाही. आधी कसा दिवसभर ठणाणा करायचा. मी बॅटरी काढून घातली, पुसला, काही नाही. नेमका आता बिघडला तर काय करू? तमांदानीचा मेसेज यायचाय. ती रविवारी मळ्याच्या ऑफिसातून फोन करते, दर वेळी पहिलं तेच विचारते, आई, आला का."

मी तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"तुम्ही एक पाठवून बघा ना," ती म्हणाली. "एवढे पाठवता, एक माझ्यासाठी पाठवा."

"काय लिहू?"

"काहीही लिहा. मी कुठे वाचत बसणार आहे? वाजतोय का तेवढं बघायचंय."

मी काळा पडदा पुढे ओढला. 'टू' लिहिलं. नंबर बोटांनीच लिहिला. मजकुराच्या जागी काय लिहावं ते सुचेना. ती समोर उभी होती, फोनकडे डोळे लावून. शेवटी मी 'टेस्ट' एवढंच लिहिलं आणि एंटर दाबलं.

फोन तिच्या हातात वाजला. ती दचकली आणि मग तिचा चेहरा असा उजळला की फत्सानी उठून बाहेर गेली.

"वाजला!" ती म्हणाली. "चालू आहे हो. मी उगाच घाबरले." तिने बटण दाबून तो खोडून टाकला. "हा तर तुमचाच. विचारायला नको."

मग तिने फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पडदा वरच्या बाजूला करून, आणि ऐकू यावा म्हणून बादली खिडकीजवळ सरकवून त्या बाजूची फरशी आधी पुसायला घेतली.